आलिशान मोटारीची कागदी काटकसर

दुचाकी घ्यावयास गेलेला कारकून दुकानात पाऊल टाकताच पहिला प्रश्न विचारतो तो ‘ॲव्हरेज किती देते?’ हा. रिक्षावाला, टॅक्सीवाला, दुधाची टेम्पो चालविणारा, सर्वांचा प्रश्न हाच असतो, कारण त्या उत्तरावर त्यांचा महिन्याचा ताळेबंद अवलंबून असतो. सत्तर-ऐंशी लाख रुपयांची सेडान मोटार घेणाऱ्याला मात्र हा प्रश्न विचारण्याची गरज पडत नाही, आणि विचारलाच तर तो गप्पांचा विषय म्हणून. असे असता त्या मोटारीच्या कागदपत्रांवर इंधनक्षमतेचा आकडा दशांशापर्यंत काटेकोरपणे का नोंदविलेला असतो? माझे म्हणणे असे की, हा आकडा ग्राहकासाठी नसतोच. तो कर आकारणाऱ्या सरकारसाठी असतो. त्या आकड्यावर कंपनीचा दंड टळतो, खरेदीदाराला करात सवलत मिळते. आणि आकडा खोटा ठरला तर त्याची तूट मात्र समाजाच्या खात्यावर पडते.

श्रीमंतांच्या मोटारी किती पेट्रोल पितात याची उठाठेव आपल्या पक्षाच्या साप्ताहिकाने कशाला करावी, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल आयात होते, म्हणजे त्यासाठीचे परकी चलन सर्वांचे. धूर सर्वांच्या छातीत जातो. आणि ज्या करातून ही सवलत दिली जाते तो करही सर्वांचा आहे. एवढे कारण पुरेसे व्हावे.

प्रथम आकडा तयार कसा होतो ते पाहू. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. आपल्याकडे मोटारींच्या जाहिरातींत तिचे नाव प्रमाणपत्रासारखे येते. मोटार रस्त्यावर न नेता प्रयोगशाळेतील फिरत्या रुळांवर उभी करतात आणि आखून दिलेल्या चक्राप्रमाणे सुमारे वीस मिनिटे चालवितात. आजवर भारतीय आकडे ज्या चक्रातून आले ते जुन्या युरोपीय चक्राचेच थोडे बदललेले रूप आहे. त्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. शून्यापासून ५० चा वेग गाठायला या चक्रात २६ सेकंद दिलेले आहेत. मागून कोणी भोंगा वाजवीत नसेल तरच इतक्या संथपणे मोटार हाकता येईल! शिवाय चाचणीत वातानुकूलन बंद असते. मुंबईच्या मे महिन्यात वातानुकूलन बंद ठेवून आलिशान सेडानमध्ये बसलेला मनुष्य कोणी पाहिला आहे काय? नरिमन पॉइंटला किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात संध्याकाळी चक्कर टाकली तर वेगळेच दृश्य दिसते. साहेब वर बैठकीत असतात आणि खाली चालक इंजिन व वातानुकूलन दोन्ही सुरू ठेवून वाट पाहत असतो. त्या तासाभरात मोटार शून्य किलोमीटर चालते आणि इंधन जळतच असते. या ‘ॲव्हरेज’ची नोंद कोणत्याही प्रमाणपत्रात होत नाही.

अमेरिकेतही प्रयोगशाळेचाच आकडा दिला जातो. पण तेथे २००८ च्या मॉडेलवर्षापासून वेगाने चालविणे, वातानुकूलन सुरू असणे आणि थंडी या तीन गोष्टी चाचणीत धरल्या गेल्या, आणि त्याबरोबर बहुतेक मोटारींचे छापील आकडे खाली आले. तंत्रज्ञान तेच, मोटारी त्याच. मोजणारा थोडा प्रामाणिक झाला इतकेच.

आता मालकाच्या दृष्टीने हिशेब करू. समजा एका सेडानचा छापील आकडा लिटरला १६ किलोमीटर आहे आणि शहरात ती प्रत्यक्षात ९ देते. वर्षाला बारा हजार किलोमीटर धावणाऱ्या या मोटारीला कागदावर ७५० लिटर पेट्रोल लागावयास हवे, प्रत्यक्षात १,३३३ लिटर लागते. लिटरला शंभर रुपये धरले तर फरक अठ्ठावन्न हजारांचा. ऐंशी लाखांच्या मोटारीची किंमत पहिल्याच वर्षी यापेक्षा कितीतरी अधिक घसरते. म्हणून मालक तक्रार करीत नाही. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात किंमत वाढली की मागणी घटते. येथे तो नियम लंगडा पडतो, कारण खर्च उत्पन्नाच्या मानाने नगण्य असतो. समाजाच्या दृष्टीने मात्र ५८३ लिटर म्हणजे ५८३ लिटरच.

‘लिटरला किती किलोमीटर’ ही आपली मोजपट्टीही दिशाभूल करणारी आहे. मोटारसायकल ४० ऐवजी ५० किलोमीटर देऊ लागली तर दहा हजार किलोमीटरमागे पन्नास लिटर वाचतात. सेडान ८ ऐवजी १० देऊ लागली तर तेवढ्याच अंतरात अडीचशे लिटर वाचतात. पहिल्या आकड्यातील वाढ दहाची, दुसऱ्यातील केवळ दोनची. पण बचत पाचपट. अमेरिकेतील लॅरिक आणि सोल या दोन अभ्यासकांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हा दृष्टिभ्रम दाखवून दिला होता. युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर असे मोजतात, ते अधिक सरळ आहे. म्हणजे इंधनबचतीचे पाठ गेली चाळीस-पन्नास वर्षे आपण ज्यांना देत आलो, त्या दुचाकीवाल्यांकडे वाचविण्याजोगे फारसे नाहीच.

या मोटारींचे माहेर जर्मनी. तेथे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. २०१५ सालचा फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा सर्वांना आठवत असेल. जगभरातील सुमारे एक कोटी दहा लाख मोटारींत चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारी योजना बसविलेली होती. भारतातही सव्वातीन लाखांच्या आसपास मोटारी परत बोलाविण्याची घोषणा कंपनीस करावी लागली आणि २०१९ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तिला ५०० कोटींचा दंड ठोठावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली, ही गोष्ट वेगळी. परंतु ती फसवणूक विषारी वायूंच्या बाबतीतली आणि बेकायदा होती. इंधनाच्या आकड्यांतील तफावत त्याहून जुनी, त्याहून मोठी आणि संपूर्णपणे कायदेशीर आहे. स्वच्छ वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या आयसीसीटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने युरोपातील लक्षावधी मोटारींची आकडेवारी जमविली, तेव्हा असे आढळले की, २००१ साली प्रत्यक्ष खप कागदी आकड्यापेक्षा सुमारे ९ टक्के जास्त होता. २०१५ पर्यंत हे अंतर ४२ टक्क्यांवर गेले. मधल्या काळात इंजिने बिघडली नव्हती. मधल्या काळात उत्सर्जनाच्या आकड्यावर कर बसू लागला होता.

युरोपने २०१७ पासून नवे, अधिक कडक चक्र आणले. त्याबरोबर आणखी एक चांगली गोष्ट केली: २०२१ पासून नव्या मोटारींत प्रत्यक्ष जळालेल्या इंधनाची नोंद ठेवणारे उपकरण सक्तीचे केले. सुमारे सहा लाख मोटारींच्या या नोंदी युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केल्या. साध्या पेट्रोल-डिझेल मोटारींचा खप कागदापेक्षा सुमारे एक-पंचमांशाने जास्त निघाला. आणि ज्या मोटारी पेट्रोल व वीज दोन्हींवर चालतात, तारेने चार्ज करता येतात, त्या ‘प्लग-इन हायब्रिड’ मोटारींचा खप निघाला सरासरी साडेतीनपट!

ही साडेतीनपट कशी होते हे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण आलिशान सेडानांना हिरवा रंग चढविण्याची युक्ती हीच. या मोटारीचा अधिकृत आकडा काढताना असे गृहीत धरतात की, मालक रोज रात्री मोटार चार्ज करील आणि बहुतांश प्रवास विजेवर होईल. या गृहीतकामुळे अधिकृत सरासरी १०० किलोमीटरला १.६ ते १.७ लिटर इतकी खाली येते, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला साठ किलोमीटर. दोन टनांची मोटार आणि आकडा शंभर सी.सी.च्या मोटारसायकलचा! आयसीसीटी व जर्मनीतील फ्राउनहोफर संस्था यांनी २०२२ साली प्रत्यक्ष वापर तपासला. खासगी मालकांच्या मोटारींना ४ ते ४.४ लिटर लागत होते. कंपन्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना दिलेल्या मोटारींना ७.६ ते ८.४ लिटर, म्हणजे लिटरला साठ नव्हे, साडेबाराच्या आसपास. कंपनीच्या मोटारींचा जेमतेम ११ ते १५ टक्के प्रवास विजेवर झालेला होता.

खासगी मालक आणि कंपनीचा अधिकारी यांत हा फरक का पडावा? मोटार तीच, रस्ता तोच. फरक आहे तो पैसे कोण भरतो यात. जर्मनीत मोठ्या सेडान मोटारी बहुतांशी कंपन्यांच्या नावावर नोंदल्या जातात आणि अधिकाऱ्याला त्याबरोबर इंधनाचे कार्ड मिळते. पेट्रोल भरले तर कंपनी देते. घरी चार्ज केले तर विजेचे बिल प्रथम स्वतःच्या दारात येते. मग वायर डिकीत तशीच पडून राहते. तिकडे अशा मोटारीच्या सुखावर प्राप्तिकर लागतो तो छापील किमतीच्या दरमहा एक टक्का इतके उत्पन्न धरून. प्लग-इन मोटार असेल तर अर्धा टक्का. ही निम्मी सवलत मिळण्यासाठी अट अशी की, मोटारीचे कागदावरील उत्सर्जन किलोमीटरला ५० ग्रॅमच्या आत असावे, किंवा विजेवर ठरावीक पल्ला गाठण्याची तिची क्षमता असावी. क्षमता असावी, ती वापरली पाहिजे असे नाही. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे १०० किलोमीटरला आठ लिटर पिणारी मोटार किलोमीटरला १८० ग्रॅमच्या वर सोडते आणि कर ५० ग्रॅमवालीचा भरते. उत्पादक कंपनीचाही दुहेरी लाभ: या कागदी आकड्याने तिच्या सर्व मोटारींची सरासरी खाली येते आणि अधिक अवजड मोटारी विकण्यास वाव मिळतो. गृहीतक दुरुस्त करण्याचे युरोपने ठरविले ते २०२५ आणि २०२७ अशा दोन टप्प्यांत.

अमेरिकेची तऱ्हा अधिक उघडी. १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७५ साली तेथे प्रत्येक उत्पादकासाठी सरासरी इंधनक्षमतेचा कायदा झाला. जर्मन आणि ब्रिटिश आलिशान मोटारींच्या कंपन्यांनी १९८० च्या दशकापासून अनेक वर्षे मोटारी सुधारण्याऐवजी दंड भरणे पसंत केले. दंड किमतीत मिसळून गेला. गिऱ्हाइकाला जाणवलाही नाही. २०२५ च्या जुलैत तेथील नव्या कायद्याने तो दंडच शून्यावर आणला.

हे सारे परदेशातले झाले. याच मोटारी १९९० च्या दशकापासून पुण्यात आणि पुढे औरंगाबादेतही, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जुळविल्या जाऊ लागल्या. आपल्या धोरणाने त्यांचे स्वागत कसे केले? २०१० साली पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले; डिझेल मात्र शेतकऱ्यांसाठी आणि मालवाहतुकीसाठी म्हणून स्वस्त ठेवले गेले. २०१२ च्या सुमारास दोहोंतील अंतर दिल्लीत लिटरला तीस रुपयांच्या घरात गेले होते. परिणाम ठरलेला होता: मोटारींच्या विक्रीत डिझेलचा वाटा जवळजवळ निम्मा झाला आणि आलिशान सेडानांनीही डिझेल इंजिने बसवून घेतली. नांगरणीच्या ट्रॅक्टरसाठी ठेवलेली सवलत वातानुकूलित सेडानच्या टाकीत ओतली जाऊ लागली. डॉ. किरीट पारीख यांच्या समितीने फेब्रुवारी २०१० मध्येच डिझेल मोटारींवर ८०,००० रुपये जादा अबकारी कर बसवावा असे सुचविले होते. ते मानले गेले नाही.

मानले गेले ते दुसरेच. जानेवारी २०१३ मध्ये केंद्र सरकारने ठरविले की, घाऊक ग्राहकांना सवलतीचे डिझेल द्यावयाचे नाही. घाऊक ग्राहक म्हणजे कोण? रेल्वे आणि राज्य परिवहन महामंडळे! खेड्यातील म्हातारीला तालुक्याच्या दवाखान्यात नेणाऱ्या एसटीच्या टाकीत बाजारभावाचे डिझेल, लिटरला दहा रुपयांच्या आसपास महाग. आणि कोपऱ्यावरच्या पंपावर उभ्या असलेल्या आलिशान सेडानच्या टाकीत सवलतीचे. अनेक राज्यांच्या महामंडळांना स्वतःच्या आगारातील पंप बंद ठेवून बसगाड्या खासगी पंपांवर रांगेत उभ्या कराव्या लागल्या. केरळचे महामंडळ न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त झाले आणि हा प्रश्न मिटला असे वाटले. पण मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर घाऊक डिझेल किरकोळीपेक्षा सुमारे पंचवीस रुपयांनी महागले आणि बसगाड्या पुन्हा रांगेत आल्या. या एका प्रकरणावर आपल्या पक्षाने जितका गदारोळ करावयास हवा होता तितका केला नाही, असे मला वाटते.

येथे एक तुलना करतो. एसटीच्या प्रत्येक आगारात ‘के.पी.टी.एल.’ म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर याची नोंद ठेवतात. ही नोंद रुळांवरची नाही. खड्ड्यांची, घाटांची, गच्च भरलेल्या गाडीची आहे. आकडा चांगला आला तर चालकाचा सत्कार होतो, घसरला तर त्याला जाब द्यावा लागतो. लिटरला साडेचार-पाच किलोमीटर जाणारी बस तीस प्रवासी नेत असेल तर एका लिटरमध्ये एकूण १३५ ते १५० प्रवासी-किलोमीटर पदरात पडतात. चालक सोडल्यास एकटाच मनुष्य नेणारी सेडान शहरात ९ ते १० देते. पंधरा हजारांसाठी राबणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या प्रवासावर दहा लिटरमागे हिशेब, आणि तिच्यावर कोणाचाही नाही.

कोणाचाही नाही असे म्हणतो, कारण आपला प्राप्तिकर जर्मनीपेक्षाही उदार होता. १९६१ च्या आयकर कायद्याखालील नियमांत दीर्घकाळ अशी तरतूद होती की, १.६ लिटरहून मोठ्या इंजिनाची मोटार कंपनीने अधिकाऱ्याला दिली, काही कामासाठी काही घरगुती वापरासाठी, आणि इंधनासह सर्व खर्च कंपनीने केला, तर त्या सुखाचे मोल दरमहा २,४०० रुपये धरावे. चालक असेल तर आणखी ९००. वर्षाला झाले ३९,६००. तीस टक्के दराने, अधिभार-उपकर सोडता, बारा हजारांच्या आत कर. मोटार पंधरा लाखांची असो वा दीड कोटीची, लिटरला वीस देवो वा सहा, मोल तेच. जर्मनीत निदान किमतीच्या टक्केवारीने तरी कर लागतो. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराची फेररचना झाली, तेव्हा मोठ्या सेडानांवरील कर व उपकर मिळून ४८ टक्क्यांचा बोजा ४० टक्क्यांवर आला. बसगाड्यांवरील करही २८ वरून १८ वर आला हे मान्य केले पाहिजे. परंतु बस ज्यावर चालते ते डिझेल या कराच्या बाहेरच आहे आणि एसटी त्यावर राज्याचा विक्रीकर भरतेच.

१९६३ साली लोकसभेत डॉ. राममनोहर लोहियांनी तीन आणे आणि पंधरा आण्यांचा वाद उभा केला होता. सरकार दरडोई दैनिक उत्पन्नाची पंधरा आण्यांची सरासरी पुढे करीत होते. सत्तावीस कोटी लोक तीन आण्यांवर जगतात असे लोहियांचे म्हणणे होते. आपल्या मोटारींच्या इंधनक्षमतेचे नियमही सरासरीवरच उभे आहेत. २०२२-२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात कंपनीच्या सर्व मोटारींची मिळून किलोमीटरला सुमारे ११३ ग्रॅम ही मर्यादा ठरली. पण ती वजनाशी बांधलेली. मोटारी जड असतील तर मर्यादा सैल. शिवाय विजेवरील एक मोटार हिशेबात तीन मोटारी म्हणून धरण्याची मुभा. चांगल्या वस्तूला उत्तेजन द्यावे हे ठीक, पण एकाच्या तीन केल्या की उरलेल्या दोन कागदी मोटारींच्या आडोशाला खऱ्या पेट्रोलच्या मोटारी लपतात.

आलिशान मोटारींवर बंदी घाला, असे मी म्हणत नाही. परवानापद्धतीच्या काळात आपण बंद दारांआड अँबॅसडर पाहिली आहे. तिने किती इंधन प्याले हेही पाहिले आहे. आजची जर्मन सेडान अभियांत्रिकीच्या दृष्टीने तिच्यापेक्षा कितीतरी सरस आहे, यात शंका नाही. मागणी इतकीच की, कर लावताना आणि सवलत देताना रस्त्यावरचा आकडा धरावा. युरोपातील मोटारींत जे नोंद-उपकरण आहे ते येथे विकल्या जाणाऱ्या मोटारींत सक्तीचे करावे, निदान वीस लाखांवरील मोटारींत तरी प्रथम. किती इंधन जळाले ते मोटारीतील संगणकाला ठाऊक असतेच. कंपनीच्या मोटारीचे मोल प्राप्तिकरासाठी किंमत आणि प्रत्यक्ष इंधन या दोहोंवरून ठरवावे. आणि सार्वजनिक बससेवेला घाऊक ग्राहक म्हणून किरकोळीपेक्षा महाग डिझेल कधीही दिले जाऊ नये, असा नियम लेखी असावा.

तोवर कार्यकर्त्यांना करता येण्याजोगे एक काम आहे. महानगरपालिका, जिल्हा परिषदा आणि महामंडळे यांच्या पदाधिकाऱ्यांसाठी ज्या मोटारी घेतल्या वा भाड्याने लावल्या जातात, त्यांचे लॉगबुक ठेवावे लागते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करून प्रत्येक मोटारीचे मागील बारा महिन्यांचे किलोमीटर, भरलेले लिटर आणि खरेदीच्या वेळी दाखविलेली इंधनक्षमता, असे तीन रकाने मागावेत. त्याच जिल्ह्यातील एसटी आगाराचा के.पी.टी.एल. चौथ्या रकान्यात घ्यावा. आलेली उत्तरे या साप्ताहिकाकडे पाठवावीत. जिल्हावार तक्ता करण्याचे काम मी आनंदाने करीन.